खाडीकाठच्या आजींची वही: एका आठवणलेखनाचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. कामाची पद्धत, अडचणी आणि निर्णय जसे घडले तसेच ठेवले आहेत.)

पार्श्वभूमी

मालवण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. आजींचं वय 79, शिक्षण जुनी चौथी. गोवा सुटलं त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1962 साली लग्न होऊन त्या या घरात आल्या. नवरा मुंबईला गिरणगावात साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तो लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचा आणि खानावळीत जेवायचा. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी यायचा. बाकीचे महिने घर, सासू, मुलं, भातशेती आणि चार माड आजींच्या अंगावर. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, पुढच्या वर्षी नवरा कायमचा गावी परतला आणि 2011 मध्ये वारला. थोरला मुलगा गावातच बागायत बघतो. धाकटा डोंबिवलीत असतो.

डोंबिवलीच्या नातीने दिवाळीत गावच्या वाचनालयाकडे विचारणा केली: आजीच्या आठवणी लिहून ठेवायच्या आहेत, कुणी मदत करेल का? वाचनालयाशी जोडलेला एक छोटा गट हे काम करतो. दोन निवृत्त शिक्षक आणि टंकलेखन येणारी एक मुलगी, एवढाच तो गट. मुदत सोपी ठरली, पुढच्या गणपतीला घरचे सगळे जमतील तोवर काहीतरी हातात यावं.

चाकरमान्यांच्या आठवणी तशा बऱ्याच लिहिल्या गेल्यात. गिरणी, चाळ, संप, खानावळ हे सगळं कागदावर आहे. गावात मागे राहून ज्या बायकांनी घर ओढलं, त्यांचं लिहिलेलं मात्र शोधावं लागतं. हे प्रकरण नोंदवून ठेवण्याचं तेही एक कारण.

अडचण

पहिली अडचण नेहमीचीच. आजी म्हणाल्या, "माझ्या जल्मात काय आसा सांगण्यासारख्या?" याला विनयाचं उत्तर समजून "नाही नाही, तुमचं आयुष्य फार मोठं आहे" असं म्हणण्यात अर्थ नसतो. ज्या बाईने आयुष्यभर लावणी, कापणी, झोडणी, बाळंतपणं, आजारपणं केली, तिला यात वेगळं काही दिसतच नाही. तिच्या मते सांगण्यासारखं म्हणजे पुढाऱ्यांचं किंवा शिकलेल्यांचं.

दुसरी अडचण त्यातूनच आलेली. नातीच्या आग्रहाखातर आजींनी आधीच दीड पान लिहिलं होतं. सुरुवात अशी: "माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. माझे बालपण हलाखीत गेले." पुढे सगळा शाळेतला निबंध. एकही माणूस नाही, एकही भांडं नाही. बोलताना मात्र याच आजी मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) आधी घरात काय काय भरायचं हे दहा मिनिटं न थांबता सांगत होत्या.

तिसरी अडचण घरातली. नातीला आजीचा आवाज आणि गोष्टी हव्या होत्या. थोरल्या मुलाला आणखी काही हवं होतं. मागच्या अंगाची माडाची बाग वडिलांच्या गिरणीतल्या पैशावर उभी राहिली, हे आईच्या शब्दांत कागदावर यावं, असं त्याचं म्हणणं. सातबाऱ्यावर नावं सामायिक आणि काकांशी वाटपाची बोलणी रखडलेली. गटाला हे दुसऱ्या भेटीत कळलं, तेही पडवीतून चप्पल घालून निघताना.

शिवाय पाऊस. कागद, फोटो आणि ट्रंका यांना कोकणातले चार महिने काय करतात, हे इथल्या वाचकाला सांगायला नको.

कोणते मार्ग होते

फक्त ध्वनिमुद्रण हा सगळ्यात सोपा मार्ग. फोन ठेवायचा आणि बोलू द्यायचं. पण तासनतास मुद्रण नुसतं पडून राहिलं, तर घरातलं कुणी ते पुन्हा ऐकत नाही. हव्या त्या जागी उघडून बघता येत नाही, हा त्यातला खरा दोष. एक तासाचं बोलणं उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात. मालवणीत बोललेलं असेल आणि उतरवणारा बाहेरचा असेल, तर त्याहून जास्त.

ऐकून कुणीतरी शुद्ध मराठीत लिहून काढणं हा दुसरा. थोरल्या मुलाची पसंती याला होती, "लोक वाचतील तेव्हा हसू नयेत" म्हणून. पुस्तक लवकर तयार झालं असतं आणि वाचायला गुळगुळीत झालं असतं. पण मग ते आजींचं राहिलं नसतं.

तिसरा, छापील प्रश्नावली. आठवड्याला एक प्रश्न: तुमचं बालपण कसं होतं, तुमचा आनंदाचा क्षण कोणता. निबंध बाहेर येतो तो अशाच प्रश्नांतून. "कसं होतं" याला "हलाखीचं होतं" एवढंच उत्तर निघतं.

चौथा, आजींनी स्वतःच लिहिणं. सगळ्यात खरा आणि सगळ्यात हळू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, बोटं आखडलेली. एका बैठकीत आठ-दहा ओळींच्या पुढे हात चालत नव्हता.

गटाने दुसरा आणि तिसरा मार्ग सोडला, आणि पहिला व चौथा जोडला. आजींनी रोज सुचेल तेवढं स्वतः लिहायचं. आठवड्यातून दोनदा गटाने बसून बोलणं मुद्रित करायचं. उतरवलेला मजकूर आजींना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि त्यांनी "व्हय" म्हटल्याशिवाय तो पक्का धरायचा नाही. ही शेवटची अट वेळखाऊ होती. पण पुढचे सगळे पेच सुटले ते तिच्यामुळेच.

काय केलं

*वेळ आणि जागा.* सुरुवात दिवाळीनंतर, भाताची झोडणी आटोपल्यावर. दुपारी तीन ते पावणेचार, जेवणं झालेली आणि चहा व्हायचा असताना. पाऊण तासाच्या पुढे बसायचं नाही. पुढे दमल्याची उत्तरं येतात. मार्चपासून काजू सुरू झाला की घरातल्या बायकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून मार्च ते मे फक्त वाचून दाखवणं आणि दुरुस्त्या ठेवल्या. जूनपासून मुद्रण बंद, कारण कौलांवरच्या पावसात आवाज बुडतो. पत्रा असेल तर बोलायलाच नको.

*मुद्रण.* फोन विमान मोडवर, पंखा बंद. फोन पाटावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. पाटावर ठेवला की हाताची बांगडी टेकली तरी ठोका उमटतो. मुद्रण शक्य तिथे वेव्ह (आवाज न दाबता साठवणाऱ्या) प्रकारात, एका वाहिनीवर (मोनो). मिनिटाला साधारण पाच एमबी जागा जाते, म्हणजे चाळीस मिनिटांना दोनशे एमबीच्या आसपास. फाइलचं नाव त्याच दिवशी द्यायचं: वर्ष, महिना, दिवस, विषय. नंतर देऊ म्हटलं की राहतं.

*वही.* शाळेतली दुरेघी वही, रुंद रेघांची. पानाच्या एकाच बाजूला लिहायचं, म्हणजे समोरच्या कोऱ्या पानावर नंतर आठवलेलं घालता येतं. जेल पेन टाळला, बॉलपेन दिला. दमट हातांनी, पाण्याच्या थेंबाने जेलची शाई पसरते. वर तारीख घालायची. शुद्धलेखन तपासायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून सांगावं लागलं, कारण नातवंडं वही बघून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसली होती.

*प्रश्न.* सगळ्यात जास्त फरक पडला तो इथे. "कसं वाटायचं" हे विचारणं बंद केलं आणि "कसं करायचात" हे विचारायला सुरुवात केली. "मिरगापूर्वी घरात काय काय भरायचात?" या एका प्रश्नावर चार पानं निघाली. बांगडे, गोलमो अशी सुकी मासळी कशात ठेवायची, मीठ कुठल्या मडक्यात, फणसाच्या आठळ्या मातीत घालून कशा टिकवायच्या, सोलां (कोकमं) किती पुटांची, लाकडं कुणी फोडायची, पडवीला चुडतांची झड (माडाच्या झावळ्यांचा आडोसा) कधी बांधायची. त्यातच मधेच आलं की एका वर्षी झड बांधायला कुणी पुरुष मिळाला नाही, म्हणून सासूने आणि आजींनी मिळून ती बांधली आणि रात्री वाऱ्याने उडाली. "तुमचा संघर्ष सांगा" म्हटलं असतं तर ही गोष्ट कधीच आली नसती.

एक प्रश्न मात्र टाळावा. "मुलं किती?" त्या पिढीत पाळण्यात किंवा वर्षा-दीड वर्षात गेलेलं मूल अनेक घरांत असतं. अशा बाईला या प्रश्नाचं उत्तर देताना, कुणाला मोजायचं, ही निवड उभ्या उभ्या करावी लागते. इथे तसंच झालं. आजी थांबल्या, गटाने मुद्रण बंद केलं आणि विषय बदलला. काही आठवड्यांनी त्यांनी वहीत त्याबद्दल आपणहून लिहिलं. ती पानं पुस्तकात नाहीत.

*तारखा.* आजींना सालं आठवत नव्हती, आणि सालं विचारत बसलं की बोलणं तुटतं. त्याऐवजी खुंट्या ठरवल्या. नवे पैसे आले (1 एप्रिल 1957), गोवा सुटला (19 डिसेंबर 1961), पहाटेचा कोयनेचा भूकंप (11 डिसेंबर 1967), जिल्हा वेगळा झाला (1 मे 1981), संप, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला लागली (26 जानेवारी 1998), फयान वादळ (11 नोव्हेंबर 2009). प्रत्येक गोष्टीला "भूकंपाच्या आधी की नंतर?" एवढंच विचारायचं. भूकंपाच्या वेळी कुठलं मूल पोटात होतं, हे बाईच्या लक्षात पक्कं असतं. मिरगावरून सांगितलेली वेळ इंग्रजी महिन्यात लगेच बसते, कारण मृग नक्षत्र दरवर्षी 7-8 जूनलाच लागतं. शिमग्यावरून सांगितलेली वेळ मात्र त्या सालच्या पंचांगात बघावी लागते.

तारेत ओवलेली कुपनं

डिसेंबरात माळ्यावरून एक तार खाली आली. एका टोकाला आकडा केलेली लोखंडी तार, आणि तिच्यात ओवलेली मनीऑर्डरची कुपनं. मनीऑर्डरच्या अर्जाला खाली एक चिठ्ठी असायची. पैसे पाठवणाऱ्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या, आणि पोस्टमन पैशांबरोबर ती फाडून द्यायचा. 1963 ते 1982 पर्यंतची कुपनं सासूने आणि मग आजींनी टोचून ठेवली होती. दुकानदार बिलं टोचतात तशी.

तार गंजली होती. प्रत्येक कुपनाच्या मध्ये तांबूस भोक, आणि काही कुपनं एकमेकांना चिकटलेली. घरच्यांनी ती एकेक करून ओढून काढायला घेतली होती, तेवढ्यात थांबवलं. गंजलेल्या तारेवरून कागद ओढला की तो भोकापासून फाटतो. आधी पूर्ण गठ्ठ्याचे, आहे त्या क्रमात फोटो. मग तार दोन्हीकडून पक्कडीने कापून मधला तुकडा फिरवत सोडवायचा, कागद हलवायचा नाही. चिकटलेली कुपनं सुटत नसतील तर तशीच ठेवायची. पाणी, वाफ, सुरी काही नको. प्रत्येक कुपनाचे दोन्ही बाजूंनी फोटो, मागे पेन्सिलीने बारीक क्रमांक.

फोटो पडवीत दुपारच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय, खाली पांढरा कागद आणि फोन कागदाला समांतर धरून. तिरका धरला तर शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही.

ज्या कुपनांवरचा शिक्का पुसट होता, त्यांचा काळ सोबतच्या पत्रांच्या पत्त्यांवरून लावला. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र 15 ऑगस्ट 1972 नंतरचं. "जि. सिंधुदुर्ग" असेल तर 1 मे 1981 नंतरचं. उलट बाजूने हा नियम तेवढा पक्का नाही. पिनकोड न घालणारे आणि सवयीने "जि. रत्नागिरी" लिहिणारे पुढेही बरेच होते.

कुपनांवरचा मजकूर त्रोटक. "भाताचे बियाणे घेणे. आईचे औषध चुकवू नये. मी सुखरूप." 1963 मध्ये 30 रुपये, 1981 मध्ये 150. पैसे दर महिन्याला न चुकता यायचे, असं आजी सांगत होत्या. कुपनं लावल्यावर दिसलं की दरवर्षी एक-दोन महिने रिकामे आहेत. कधी मे, कधी भाद्रपद. गटातल्या एकाने हे आजींना दाखवायचं की नाही अशी शंका काढली. दाखवलं. आजींनी बोट ठेवून लगेच सांगितलं, ते महिने नवरा घरीच असायचा, मग मनीऑर्डर कशाला? पुढे त्या रिकाम्या जागांवरूनच तो कुठल्या वर्षी कधी आला होता, ते त्या सांगू लागल्या. एका वर्षी मे ते भाद्रपद सगळेच महिने रिकामे होते, त्या वर्षी तो आजारी पडून चार महिने घरी होता. हे आधी कुठल्याच बोलण्यात आलं नव्हतं.

1982 चं फक्त एक कुपन आहे, जानेवारीचं. त्यानंतर तारेत काही नाही.

पहिला पेच: भाषा

आजी बोलत होत्या मालवणी आणि लिहीत होत्या अर्धी मालवणी, अर्धी शाळेतली मराठी. पुस्तकात काय ठेवायचं? थोरल्या मुलाने मनीऑर्डरबद्दलचा एक परिच्छेद स्वतः लिहून आणला: "मनीऑर्डर आल्यानंतर मी स्वाक्षरी करून रक्कम स्वीकारत असे." मुद्रणातून उतरवलेलं असं होतं:

"मनीआर्डर इली की पोस्टमन खळ्यातसून हाक मारायचो. मी चुलीकडसून हात पुशीत भायर येयचंय. आंगठो नाय हां, सही करायचंय. आवशीन सांगल्यान, वाकडी झाली तरी चलात, पण सही कर."

वाद न घालता दोन्ही परिच्छेद रविवारी सगळ्यांसमोर वाचले. पहिल्यावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्यावर सूनबाई हसल्या, आणि आजींनी सही कशी शिकल्या ते पुढे सांगायला सुरुवात केली. निर्णय तिथेच झाला.

शेवटी ठरलेले नियम असे. आजींच्या हातचं लिखाण जसंच्या तसं, फक्त वाक्य संपतं तिथे टिंब आणि विषय बदलतो तिथे नवा परिच्छेद. मुद्रणातून उतरवलेलं मालवणीतच. गटाने घातलेल्या जोडओळी, म्हणजे साल आणि संदर्भ, तिरप्या अक्षरांत प्रमाण मराठीत. डोंबिवलीच्या आणि त्यापुढच्या पिढीसाठी शेवटी दोन पानांची शब्दांची यादी. खळा, झड, सोलां, पडाव, असे साठेक शब्द. अर्थ आजींनीच सांगायचे, कोशातून आणायचे नाहीत.

फोनवर बोलून टाइप करायचं साधन वापरून पाहिलं. प्रमाण मराठीला ते बरं चालतं. मालवणीत "माका"चा "मका" होतो आणि क्रियापदं भलतीच उमटतात. दुरुस्त करण्यापेक्षा हाताने टाइप करणं लवकर झालं.

दुसरा पेच: बाग

फेब्रुवारीत थोरल्या मुलाने उघड विचारलं: बागेवर एक वेगळं प्रकरण घाला आणि दोन कुपनांचे फोटो छापा. त्या दोन कुपनांवर माडाच्या रोपांसाठी पैसे पाठवल्याचा उल्लेख होता. मूळ कुपनंही त्याला हवी होती.

समोर चार पर्याय होते. प्रकरण जसं मागितलं तसं घालायचं. बागेचा विषयच गाळायचा. वाद बाजूला ठेवून फक्त आजींनी स्वतः पाहिलेलं, केलेलं लिहायचं. किंवा हे सगळं एका बंद पाकिटात वेगळं ठेवायचं.

पहिला पर्याय घेतला असता, तर मदतीने लिहिलेल्या आठवणींचं हळूहळू जबाबात रूपांतर झालं असतं. अशा कागदाने हक्क ठरत नाहीत, नाती मात्र बिघडतात. हक्काचा प्रश्न असेल तर कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जावं, हे मुलाला स्पष्ट सांगितलं. बाग गाळली असती तर आजींच्या आयुष्यातली दहा वर्षं गाळल्यासारखी झाली असती.

आजींना एकट्याच असताना विचारलं. अशा प्रश्नाला घरच्यांसमोर मिळणारं उत्तर धरू नये. त्यांनी तिसरा पर्याय घेतला. पुस्तकात आहे ते असं: कंबरभर खोल खड्डे कुणी कुणी मारले, खड्ड्यात राख-मीठ किती घातलं, पहिले तीन उन्हाळे कळशीने पाणी कसं घातलं, कुठलं रोप सोंडेकिड्याने गेलं. बाग कुणाची, यावर एक शब्द नाही. दिराचा उल्लेख "भावोजी" असाच, नाव नाही. मूळ कुपनं आजींच्याच ट्रंकेत राहिली.

मुलगा नाराज झाला, आणि तो अजूनही पूर्ण राजी नाही.

छपाई आणि जपणूक

जुलैत मजकूर जवळच्या शहरातल्या छापखान्यात गेला. तिथल्या ऑपरेटरने तो जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करायला घेतला, कारण त्याच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरला तोच सवयीचा. कागदावर ते छान दिसतं. पण अशा फाइलमधला मजकूर दुसरीकडे नेला की निव्वळ अगम्य चिन्हं उरतात, शोधता येत नाही, दहा वर्षांनी पुन्हा छापायचं तर सगळं पहिल्यापासून. म्हणून युनिकोडचाच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसाच वाचता येणाऱ्या मजकुराचा, आग्रह धरला. त्यातही तपासायची जागा म्हणजे "ऱ्य". सॉफ्टवेअर जुनं असलं की "दुसऱ्या"चं "दुसर्या" आणि "गावकऱ्यांची"चं "गावकर्यांची" होतं. पहिल्या प्रुफात हेच झालं. सगळ्या "ऱ्य" आणि "ऱ्ह" ची यादी काढून एकेक जागा तपासली.

अक्षर 16 पॉइंटचं, आजींना चष्म्याने वाचता यावं म्हणून. 80 जीएसएमचा (चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो कागद, फोटोंच्या पानांना 100. पानं 96, कारण सोळाच्या पटीत ठेवली की कोरी पानं वाया जात नाहीत. बांधणी धाग्याची. नुसत्या गोंदाने चिकटवलेली पुस्तकं दोन पावसाळ्यांनी पानं सोडायला लागतात. प्रती 25.

लग्नाचा फोटो काचेला चिकटला होता. दमट हवेत फोटोचा थर काचेवर बसतो. सोलायला गेलं की चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच, तिरप्या उजेडात चमक टाळून फोटो काढला. बाकीचे सुटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन केले. लॅमिनेशन कशालाच केलं नाही. ते पुन्हा निघत नाही, आणि आत दमट राहिलं तर कागद आतल्या आत खराब होतो. साध्या पीव्हीसीच्या पिशव्याही नकोत, त्या फोटोला चिकटतात.

वही आणि कुपनं कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली. ट्रंक जमिनीपासून वर, पाटावर, आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदलायच्या. डांबरगोळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यात, कागदाला टेकवून नाही. पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात ट्रंक उघडून सावलीत वारा द्यायचा. कसर आणि वाळवी लवकर दिसते ती तेव्हाच. डिजिटल फाइलींच्या तीन प्रती, नातीच्या संगणकावर, क्लाउडवर आणि पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हचा भरवसा धरू नये. तो दर गणपतीला उघडून बघायचा, हे काम नातीकडे आहे.

निष्पत्ती

गणपतीला प्रती वाटल्या. आजींनी आपली प्रत तीन दिवसांत वाचली आणि दोन चुका काढल्या. भावोजींनी चौथ्या दिवशी निरोप पाठवला: विहीर माड लावल्यावर खणली असं लिहिलंय ते चूक, विहीर आधीच होती. आजी म्हणाल्या, नव्हती. गटाने कुणाची बाजू घेतली नाही. दुसऱ्या छपाईच्या वेळी त्याच पानाखाली एक ओळ घातली: "भावोजींच्या आठवणीप्रमाणे विहीर आधीची आहे." आजींनी याला हरकत घेतली नाही. भावोजींनी त्यानंतर पाच प्रती मागून घेतल्या.

वाटपाची बोलणी आहेत तिथेच आहेत. पुस्तकामुळे ती पुढे सरकली नाहीत, बिघडलीही नाहीत.

वाचनालयाला दोन प्रती दिल्या, त्या आजींच्या परवानगीने आणि एक प्रकरण काढून. माहेरच्या आजारपणाचं ते प्रकरण फक्त घरच्यांच्या प्रतीत आहे. आजी अजून लिहितात. दुसरी वही चालू आहे, तिच्यात बहुतेक पाककृती आणि कुणाच्या लग्नात काय झालं याच्या नोंदी.

वेगळं काय करता आलं असतं

कागद आधी, बोलणं नंतर. कुपनांची तार डिसेंबरात सापडली, तोवर बरंच मुद्रण झालं होतं. पहिल्याच आठवड्यात माळा, ट्रंक, देव्हाऱ्यामागची फळी, फोटोफ्रेमची मागची बाजू बघायला हवी. लोक फ्रेमच्या मागे पत्रं, पावत्या आणि कधीकधी दुसरा फोटोही ठेवतात. हातात कागद असला की प्रश्न आपोआप नेमके होतात.

घरातल्या प्रत्येकाला हे लिखाण कशासाठी हवंय, हे पहिल्या भेटीतच आणि वेगवेगळं विचारायला हवं. बागेचा पेच त्यामुळे टळला नसता, पण मुलाला तो फेब्रुवारीत नकार म्हणून ऐकावा लागला नसता.

आजींनी स्वतःची पानं मोठ्याने वाचलेली मुद्रित करणं राहून गेलं. बोलतानाचा आवाज आहे, पण स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवत अडखळत वाचणं वेगळं. ते हिवाळ्यात करायचं ठरलं होतं. जानेवारीत आजींना खोकला झाला आणि मग काजू आला. पान पक्कं झालं की त्याच बैठकीत ते वाचून घ्यावं, पुढे ढकलू नये.

संमतीचा कागद सुरुवातीला अर्ध्या पानाचा होता: काय छापायचं, कुणाला द्यायचं. आजींच्या पश्चात काय, हे त्यात नव्हतं. काढलेलं प्रकरण, पहिल्या वहीतली न छापलेली पानं, मुद्रणं आणि कुपनं, यांचं नंतर काय करायचं आणि कुणी ठरवायचं? गणपतीनंतर हे आजींच्या हातून सहा ओळींत लिहून घेतलं. मुद्रणं आणि वही नातीकडे. कुपनं दोन्ही मुलांनी मिळून ठेवायची, तोडायची नाहीत. न छापलेली पानं नातीने एकदा वाचून मग ठरवायचं. खाली वाकडी सही, आणि शेजारी तारीख. ही सहा ओळींची चिठ्ठी आता गट प्रत्येक कामात पहिल्या महिन्यातच लिहून घेतो.